वाचकांचे प्रश्न : जुने ‘एक्स-मेन’ आजही का वाचावेसे वाटते?

गेल्या अंकात या सदरात एका वाचकाने सुपरहिरोंच्या चमूंवरची जुनी कॉमिक्स आज वाचण्याजोगी आहेत का, असे विचारले होते. उत्तरात मी मार्व्हल कंपनीच्या ‘एक्स-मेन’ मालिकेतील १९७५ नंतरच्या अंकांची शिफारस केली होती. त्यावर बरीच पत्रे आली. काहींनी ते अंक मिळवून वाचले, काहींनी माझ्याशी वाद घातला. त्यांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझे वय एक्कावन्न. लहानपणी आमच्या घरी इंद्रजाल कॉमिक्समधले वेताळ आणि मॅन्ड्रेक यायचे. अमेरिकी सुपरहिरोंशी आमची ओळखच नव्हती. आपल्या सांगण्यावरून ‘एक्स-मेन’चे संकलित खंड मागवले. रंगीबेरंगी पोशाख, परग्रहावरची साम्राज्ये, जमिनीखालचे राक्षस हे सारे पोरकट वाटेल अशी माझी अपेक्षा होती आणि काही ठिकाणी ते तसे वाटलेही. परंतु खंड खाली ठेवता आला नाही. यावरचे चित्रपट पाहताना मला असे कधी झाले नव्हते. याचे कारण काय असावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण ही मालिका लहानपणी वाचलेली नाही, ही आपल्या पत्रातली सर्वांत उपयोगाची माहिती आहे. जुन्या कॉमिकचे गोडवे गाणारा माणूस प्रत्यक्षात स्वतःच्या बालपणाचे गोडवे गात असतो असा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि पुष्कळदा तो खराही असतो. आपल्याला तो लावता येत नाही. म्हणजे जे काही आहे ते त्या पानांतच शोधले पाहिजे.

‘एक्स-मेन’चा पहिला अंक सप्टेंबर १९६३ चा. लेखन स्टॅन ली यांचे, चित्रे जॅक कर्बी यांची. जन्मतःच विलक्षण शक्ती लाभलेले पाच किशोरवयीन ‘म्यूटंट’, त्यांना आपल्या शाळेत ठेवून शिकवणारे प्रोफेसर झेव्हियर, आणि ज्या समाजाला ही मुले वाचवतात त्याच समाजाला त्यांची वाटणारी धास्ती, अशी ही मूळ कल्पना. ती चांगली होती, पण खप बेताचाच राहिला. १९७० मध्ये ६६ व्या अंकानंतर नव्या कथा बंद झाल्या आणि पुढे ९३ व्या अंकापर्यंत जुन्याच कथा पुन्हा छापून मालिका कशीबशी जिवंत ठेवली गेली. १९७५ मध्ये लेखक लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी एका जाडजूड विशेषांकात जवळजवळ संपूर्ण नवा चमू उभा केला : केनियातून आणलेली स्टॉर्म, जर्मनीतला नाइटक्रॉलर, सोव्हिएत सायबेरियातल्या सामुदायिक शेतावरचा कोलोसस, कॅनडाचा वुल्व्हरिन, आयर्लंडचा बॅन्शी, जपानचा सनफायर आणि अपाची जमातीतला थंडरबर्ड. जुन्यांपैकी मुख्यतः सायक्लॉप्स राहिला आणि थोड्याच दिवसांत जीन ग्रे परत आली. वीन यांच्याकडून लेखनाचे काम क्रिस क्लेअरमॉन्ट या चोवीस वर्षांच्या तरुणाकडे गेले. मालिका तेव्हा दोन महिन्यांतून एकदा निघत असे आणि तिच्याकडून कोणालाही फारशा अपेक्षा नव्हत्या. क्लेअरमॉन्ट ती १९९१ पर्यंत, म्हणजे तब्बल सोळा वर्षे, लिहीत राहिले.

आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते या सोळा वर्षांत आणि त्या नसलेल्या अपेक्षांत आहे. त्या काळातले इतर प्रसिद्ध चमू पाहा. ‘जस्टिस लीग’मध्ये सुपरमॅन आणि बॅटमॅन असत, ‘अॅव्हेंजर्स’मध्ये थॉर आणि आयर्न मॅन. त्या प्रत्येकाची स्वतंत्र मालिका होती, तिचा स्वतंत्र लेखक होता, आणि त्याच्या आयुष्यात काही घडायचे असेल तर ते तिथेच घडायचे. चमूच्या कथेत ही मंडळी एखाद्या समितीच्या सभासदांसारखी जमत, संकट निवारत आणि आपापल्या घरी जात. त्यांना प्रेमात पाडणे, अपंग करणे, मारणे हे चमूच्या लेखकाच्या हातात नव्हते. नव्या ‘एक्स-मेन’पैकी एकाचीही स्वतंत्र मालिका नव्हती. त्यांच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नव्हता, म्हणून क्लेअरमॉन्ट त्यांना खरोखर बदलू शकले. दुसऱ्याच अंकात, म्हणजे ९५ व्या अंकात, थंडरबर्ड मेला आणि पुढे कित्येक दशके मेलेलाच राहिला, तेव्हा इथे काहीही होऊ शकते हे वाचकाला कळून चुकले.

शिवाय ही माणसे एकाच छपराखाली राहतात आणि त्यांना जायला दुसरी जागा नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर परगण्यातील झेव्हियर यांचे ते मोठे घर मला नेहमी बिऱ्हाडांनी भरलेल्या वाड्यासारखे वाटते : भाषा वेगळ्या, सवयी वेगळ्या, एकाचा आवाज दुसऱ्याला नकोसा, आणि तरी रात्री कोण आले नाही हे सगळ्यांना ठाऊक. लढाया संपल्यावरची पाने म्हणूनच लढायांपेक्षा जास्त लक्षात राहतात. बेसबॉलच्या डावात शक्ती वापरायची की नाही यावरून होणारी भांडणे, कोलोससला येणारी घरची आठवण, पोटमाळ्यावरच्या खोलीत झाडांना पाणी घालणारी स्टॉर्म, अशा दोन-दोन चौकटींच्या प्रसंगांतून आपण या लोकांना ओळखू लागतो.

ही ओळख किती सावकाश होते याचे माझे आवडते उदाहरण वुल्व्हरिनचे आहे. त्याचे पंजे हातमोज्यांना जोडलेले नसून त्याच्या शरीराचाच भाग आहेत हे त्याच्या सहकाऱ्यांना आणि वाचकांना ९८ व्या अंकात, १९७६ साली, प्रथम समजते. त्याचे नाव लोगन आहे हे नाइटक्रॉलरला समजायला १९८० चा १३९ वा अंक उजाडावा लागतो, तेही कॅनडातल्या एका जुन्या मैत्रिणीने त्याला त्या नावाने हाक मारली म्हणून. हे नाव तू आम्हाला कधी सांगितले नाहीस, असे नाइटक्रॉलर म्हणतो. तुम्ही कधी विचारले नाहीत, असे लोगनचे उत्तर आहे. इतकी वर्षे एकमेकांचे प्राण वाचवणाऱ्या दोन माणसांतला हा संवाद आहे. चित्रपटात हे जमणे अवघड, कारण तिथे अडीच तासांत ओळख, मैत्री आणि बलिदान हे सर्व उरकायचे असते.

स्टॉर्मची कथा याहून लांब पल्ल्याची आहे. १०२ व्या अंकात, १९७६ मध्ये, बंद जागेत कोंडल्यावर ती भीतीने गोठून जाते आणि त्याचे मूळ आपल्याला कळते : १९५६ च्या सुएझ संघर्षात कैरोतल्या घरावर विमान कोसळले, आईवडील गेले आणि ती लहान मुलगी ढिगाऱ्याखाली आईच्या मृतदेहाशेजारी अडकून पडली. सात वर्षांनी, १७३ व्या अंकात, हीच शांत, देवतेसारखी मानली गेलेली स्त्री केस कापून, चामड्याचे जाकीट घालून समोर येते. ते पाहून तिला आईच्या जागी मानणारी किटी ही चमूतली किशोरवयीन मुलगी इतकी दुखावते की तिथून निघून जाते. १९८४ मध्ये स्टॉर्म आपली शक्तीच गमावते. पुढे २०१ व्या अंकात, अंगात कोणतीही शक्ती नसताना, ती चमूच्या नेतृत्वासाठी सायक्लॉप्सशी द्वंद्व खेळते आणि जिंकते. हा प्रवास दहा वर्षांचा आहे. कोणत्याही एका अंकात त्याची घोषणा होत नाही, आणि आपल्याला खंड खाली ठेवता आला नाही तो बहुधा यामुळेच.

प्रश्न : मला मात्र खंड खाली ठेवावासा वाटला, आणि तो पुन्हा पुन्हा. प्रत्येक पानावर मजकुराची इतकी गर्दी! माणूस हवेत उडी मारता मारता स्वतःची शक्ती, स्वतःचे दुःख आणि मागच्या अंकाचा सारांश सांगतो. चित्रात जे दिसते तेच वर चौकटीत लिहिलेले असते. याला थोर लेखन कसे म्हणायचे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. क्लेअरमॉन्ट यांना शब्दांचा मोह होता, आणि तो उत्तरोत्तर वाढत गेला. नाइटक्रॉलरचे अधूनमधून जर्मन उद्गार, कोलोससचे रशियन उद्गार, आपण जे करतो त्यात आपल्या तोडीचा कोणी नाही हे वुल्व्हरिनचे पालुपद, ही सगळी त्यांची ओळखीची खूण होती आणि टवाळीचा विषयही.

तरी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. त्या काळी मार्व्हलच्या साधारण अंकात कथेला फक्त १७ पाने मिळत. २२ पाने १९८० च्या सुमारास झाली. त्या १७ पानांत सहा-सात पात्रे, एक लढाई आणि तीन-चार अर्धवट धागे बसवायचे म्हणजे काही भार शब्दांवर पडणारच. दुसरी गोष्ट विक्रीची. हे अंक नाक्यावरच्या वृत्तपत्रांच्या ठेल्यांवर आणि औषधांच्या दुकानांत फिरत्या स्टँडवर विकले जात. मागचा अंक मिळाला असेल याची खात्री नसे, आणि प्रत्येक अंक कोणा ना कोणा मुलाचा पहिलाच असतो, असे संपादक धरून चालत. म्हणून कोणाचे नाव काय आणि कोण काय करू शकतो हे दर वेळी सांगितले जाई. महिन्या-दोन महिन्यांनी एक अंक हाती येणाऱ्या वाचकाला ही पुनरुक्ती जाणवत नसे. आपण एका बैठकीत दहा अंक वाचतो तेव्हा ती डोक्यात जाते. दिवसाला एक किंवा दोनच अंक वाचून पाहा. चौकटींतला मजकूर हाताने लिहिणारे टॉम ओर्झेकॉव्स्की यांच्या सुंदर हस्ताक्षराने हा सारा मजकूर निदान वाचनीय ठेवला आहे, हेही मान्य कराल.

त्याला थोर लेखन म्हणावे की नाही, हे आपण ठरवावे. वाक्यांच्या पातळीवर ते थोर नाही असे मीही म्हणेन. रचनेच्या पातळीवर, म्हणजे कोणता धागा कधी सोडायचा आणि तीन वर्षांनी कुठे उचलायचा या कसबात, त्या काळच्या अमेरिकी कॉमिकमध्ये त्यांच्या तोडीचे फार थोडे लोक होते.

प्रश्न : आपण घर, मैत्री, भांडणे यांवर भर देता, परंतु ‘एक्स-मेन’चे खरे मोल ती भेदभावाविरुद्धची रूपककथा आहे यात नाही काय? प्रोफेसर झेव्हियर म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचा शत्रू मॅग्निटो म्हणजे माल्कम एक्स, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : तसे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते, पण जुने अंक समोर ठेवून पाहिले तर ते टिकत नाही. १९६३ च्या पहिल्या अंकातला मॅग्निटो केप सिटाडेल नावाचा क्षेपणास्त्र-तळ काबीज करणारा, स्वतःला श्रेष्ठ समजणारा सरधोपट खलनायक आहे. त्याच्या मागे कोणता इतिहास नाही, कोणता युक्तिवादही नाही. त्याच्यात कोणत्याही नागरी हक्क नेत्याचे चित्र पाहणे हा त्या नेत्यावर अन्याय होईल.

मॅग्निटोचे मोठेपण नंतरचे आहे आणि ते क्लेअरमॉन्ट यांनी घडवले आहे. ऑक्टोबर १९८१ च्या १५० व्या अंकात तो जगाला ओलीस धरतो. झटापटीत त्याच्या हातून तेरा-चौदा वर्षांची किटी प्राइड कोसळते आणि आपण एका मुलीचा जीव घेतला असे त्याला वाटते. किटी ज्यू आहे. त्या क्षणी तो थांबतो, कारण त्याचे स्वतःचे बालपण आउश्विट्झच्या छळछावणीत गेलेले आहे आणि ज्यांचा त्याने द्वेष केला त्यांच्यासारखाच आपण झालो, हे त्याला दिसते. इथे एका रंगीत खलनायकाच्या जागी माणूस उभा राहतो. पुढे काय होते ते अधिक महत्त्वाचे. दुसऱ्या मालिकेत हा पश्चात्ताप पुढच्या अंकात विसरला गेला असता. इथे तो चार वर्षे शिजत राहतो आणि १९८५ च्या २०० व्या अंकात पॅरिसमध्ये मॅग्निटोवर खटला चालतो. त्याच अंकात आजारी झेव्हियर आपली शाळा त्याच्या हाती सोपवून जातात. पहिल्या अंकातला शत्रू मुख्याध्यापक होतो, आणि वाचकाला ते पटते.

रूपक आहेच, ते मी नाकारत नाही. १९८२ ची ‘गॉड लव्ह्ज, मॅन किल्स’ ही स्वतंत्र चित्रकादंबरी तर उघडपणे त्याच विषयावर आहे. तिच्यातला स्ट्रायकर हा दूरचित्रवाणीवर प्रवचने देणारा धर्मोपदेशक देवाच्या नावाने म्यूटंटांचा संहार मागतो, आणि ती आजही अंगावर येते. मात्र या रूपकाला मर्यादा आहेत. खऱ्या आयुष्यात ज्यांचा तिरस्कार केला जातो ते लोक डोळ्यांतून किरण सोडून डोंगर फोडू शकत नाहीत. म्यूटंटांची भीती वाटायला थोडेफार कारण आहे, आणि तिथेच तुलना लंगडी पडते. भेदभावावर बोलणाऱ्या या मालिकेने आपला मूळ अमेरिकी नायक दुसऱ्याच अंकात मारला, तो मुख्यतः वुल्व्हरिनसारखाच तापट असल्याने एक जण जास्तीचा वाटला म्हणून. स्टॉर्मच्या पूर्वायुष्यात कैरोची खिसेकापू आणि पूर्व आफ्रिकेची देवता ही दोन्ही चित्रे येतात, तीही दुरून पाहणाऱ्याच्या कल्पनेतली आहेत. निव्वळ रूपकावर ही मालिका उभी असती तर एव्हाना ती अभ्यासक्रमात उरली असती, घराघरांत नाही. रूपक वाचकाला दारापर्यंत आणते. आत तो थांबतो तो नाइटक्रॉलरसाठी. जमावाने ज्याला सैतान समजून मारायला घेतले होते असा हा निळ्या अंगाचा, शेपटीवाला तरुण सर्कशीत वाढलेला असल्यामुळे त्या घरातला सर्वांत हसतमुख माणूस आहे.

प्रश्न : चित्रांबद्दल आपण काहीच लिहिले नाही. जॉन बर्न यांच्यामुळेच मालिका गाजली, असे माझे चित्रकार मित्र म्हणतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपले मित्र अर्धे बरोबर आहेत. बर्न १९७७ च्या अखेरीस १०८ व्या अंकापासून आले आणि मार्च १९८१ च्या १४३ व्या अंकापर्यंत राहिले. टेरी ऑस्टिन यांच्या बारीक, काटेकोर शाईने त्यांची रेखाटने स्फटिकासारखी स्वच्छ दिसत, आणि ग्लिनिस वीन यांचे रंग त्या काळच्या स्वस्त कागदावरही उठून दिसत. बर्न यांना जागा रेखाटता येत असे. सॅव्हेज लँडचे जंगल असो, कॅलगरीचा बर्फ असो की न्यूयॉर्कमधली एखादी उंची हवेली, पात्रे नेमकी कुठे उभी आहेत हे वाचकाला कळते, म्हणून लढाईही कळते. चेहऱ्यांतही ते सूक्ष्म होते. स्वतः कॅनडात वाढल्यामुळे वुल्व्हरिनवर त्यांचा विशेष जीव होता आणि तो चमूत राहावा यासाठी त्यांनी जोर लावला. १३२ व्या अंकाच्या शेवटच्या चित्रात गटाराच्या पाण्यातून वर आलेला, आता आपली पाळी म्हणणारा वुल्व्हरिन ज्याने पाहिला त्याला तो माणूस पुढे एवढा लोकप्रिय का झाला हे विचारावे लागत नाही.

उरलेला अर्धा भाग असा की बर्न आणि क्लेअरमॉन्ट यांचे एकमेकांशी जमत नसे, आणि त्या न जमण्यातून मालिकेला फायदा झाला. मार्व्हलच्या पद्धतीत आधी कथानक ठरे, मग चित्रकार पाने रेखाटी, आणि संवाद सर्वांत शेवटी लिहिले जात. त्यामुळे शेवटचा शब्द लेखकाचा असे. १४० व्या अंकात कोलोसस झाडाचा एक बुंधा उपटतो. बर्न यांनी तो सहज उपटताना दाखवला आणि क्लेअरमॉन्ट यांनी त्यावर जे शब्द घातले त्यांत त्याला मोठे कष्ट पडतात. तो बुंधा पाहून आपण मालिका सोडायचे ठरवले, असे बर्न यांनी पुढे सांगितले आहे. एका बुंध्यासाठी एवढे, असे वाटेल. पण सहजतेने वागणारा शक्तिमान आणि कष्टाने झगडणारा शक्तिमान ही दोन वेगळी माणसे आहेत, आणि दोघांनाही आपापला कोलोसस पक्का ठाऊक होता. बर्न एकटे असते तर मालिका अधिक सफाईदार आणि अधिक कोरडी झाली असती. क्लेअरमॉन्ट एकटे असताना ती किती फापटली हे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसतेच. अर्थात त्याआधीचे पॉल स्मिथ यांचे १९८३ च्या आसपासचे दहा-अकरा अंक चुकवू नयेत. मला स्वतःला किटी सर्वांत जास्त आवडते ती त्यांच्या हातची.

प्रश्न : जीन ग्रेचा मृत्यू वाचून मी खरोखर हेलावलो, आणि नंतर ती परत येते हे कळल्यावर फसवल्यासारखे वाटले. (एक वाचक, इंदूर)

उत्तर : फसवले गेलेच आहे, आणि फक्त आपल्यालाच नाही.

ज्यांनी वाचले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : १९७६ मध्ये १०१ व्या अंकात जीन फिनिक्स ही अफाट शक्ती घेऊन पाण्यातून वर येते. १९८० मध्ये ती शक्ती तिच्या ताब्यातून सुटते आणि भूक भागवण्यासाठी ती एक तारा गिळते. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव जळून जातात. क्लेअरमॉन्ट आणि बर्न यांनी शेवट असा योजला होता की परग्रहवासी तिची शक्ती काढून घेतात आणि ती साधी स्त्री म्हणून जगते. मुख्य संपादक जिम शूटर यांनी तो अमान्य केला. पाच अब्जांचा संहार करणारी व्यक्ती घरी परत जाऊन सुखाने नांदू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटची पाने घाईने नव्याने तयार झाली आणि सप्टेंबर १९८० च्या १३७ व्या अंकात, चंद्रावर, सायक्लॉप्सच्या डोळ्यांदेखत, जीन स्वतःच्या हाताने आपला अंत करते. मूळ शेवट १९८४ मध्ये वेगळ्या पुस्तिकेत छापला गेला, त्यामुळे तुलना करता येते, आणि तुलना केली की शूटर बरोबर होते हे मान्य करावे लागते. मूळ शेवटात दोष कोणाचाच राहत नाही. छापलेल्या शेवटात जीन स्वतः न्याय करते, आणि म्हणून ती शेवटपर्यंत जीनच राहते. संपादकाच्या हस्तक्षेपाने कथा सुधारल्याची उदाहरणे थोडी आहेत. हे त्यांतले एक.

मग १९८६ मध्ये कंपनीला मूळ पाच जणांची नवी मालिका काढायची होती. त्यासाठी असे ठरवले गेले की चंद्रावर मेली ती जीन नव्हतीच; फिनिक्स शक्तीने तिचे रूप घेतले होते, आणि खरी जीन इतकी वर्षे न्यूयॉर्कच्या जमैका उपसागराच्या तळाशी एका कोषात झोपलेली होती. गंमत म्हणजे हा शोध मार्व्हलच्याच ‘फॅन्टॅस्टिक फोर’ या दुसऱ्या मालिकेच्या ज्या अंकात लागतो तो बर्न यांच्याच कारकिर्दीतला. तोवर सायक्लॉप्सने लग्न केले होते, त्याला मूल झाले होते. जीन जिवंत आहे हे कळताच तो दोघांना सोडून निघाला. ज्या मालिकेने प्रत्येक कृतीची किंमत मोजायची सवय लावली तिनेच आपली सर्वांत मोठी किंमत परत घेतली, आणि सोबत नायकालाही हलके केले. माझा सल्ला साधा आहे : १३८ व्या अंकापर्यंत वाचावे आणि पुढच्या खुलाशाकडे दुर्लक्ष करावे. १३८ वा अंक जीनच्या अंत्यविधीचा आहे. त्याच्या शेवटी दुःखी सायक्लॉप्स घर सोडून जातो, आणि तो बाहेर पडतो त्याच वेळी तेरा वर्षांची किटी प्राइड शाळेत राहायला येऊन पोहोचते. त्या घरात काय गेले हे तिला पुरते कळलेले नाही.

प्रश्न : इतक्या देशांतले लोक चमूत आहेत, मग भारतीय कोणी का नाही? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आहे, पण फार उशिरा. क्लेअरमॉन्ट २००० मध्ये काही काळ मालिकेकडे परतले तेव्हा त्यांनी कोलकात्याचा नील शारा हा तरुण आणला. अंगातून प्रखर उष्णता सोडणाऱ्या या नव्या सभासदालाही नाव थंडरबर्ड हेच दिले. क्लेअरमॉन्ट गेल्यावर त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. त्याचा लेखक पुरेशी वर्षे टिकला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, असे मला वाटते. पात्र कागदावर वाईट नव्हते.

प्रश्न : सुरुवात कोठून करावी? माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि तिलाही वाचायचे आहे. (एक वाचक, पणजी)

उत्तर : १९७५ चा विशेषांक आणि त्यानंतर ९४ व्या अंकापासून क्रमाने. मधली परग्रहवासी साम्राज्यांची लांबण पहिल्या वाचनात चाळली तरी चालेल. १०८ व्या अंकानंतर वेग येतो आणि १२५ ते १४३ या टप्प्यात मालिका ऐन भरात असते. घाई असेल त्याने जानेवारी आणि फेब्रुवारी १९८१ चे १४१ आणि १४२ हे दोनच अंक वाचावेत. २०१३ मधल्या उद्ध्वस्त अमेरिकेतून प्रौढ किटीचे मन स्वतःच्या कोवळ्या देहात मागे येते आणि एका सिनेटरची हत्या टाळू पाहते. दोन अंकांत इतके काही सांगितले आहे की नंतर त्यावर संपूर्ण चित्रपट निघाला. हत्या टळते, ते भविष्य टळले की नाही हे कथा सांगत नाही.

मुलीला ९४ पासूनचे अंक द्यायला हरकत नाही, मात्र १३२ ते १३७ हे अंक तिच्यासोबत बसून वाचावेत. ‘गॉड लव्ह्ज, मॅन किल्स’ आत्ताच देऊ नये. तिच्या पहिल्याच पानांवर दोन लहान मुलांचा खून होतो आणि त्यांचे मृतदेह शाळेच्या मैदानातल्या झोपाळ्याला टांगलेले असतात. त्याऐवजी १४३ वा अंक तिला वेगळा काढून द्या. नाताळची आदली रात्र आहे, सगळे बाहेर गेले आहेत, ज्यू असल्यामुळे हा सण नसलेली किटी त्या मोठ्या घरात एकटी आहे आणि घरात एक राक्षस शिरला आहे. मदतीला कोणी येत नाही. जीव कसा वाचवायचा हे तिचे तिलाच ठरवावे लागते. मध्यंतरी घराची बरीच मोडतोड होते, आणि परतलेल्या मंडळींना ती कशी समजावून सांगायची ही तिची चिंता दहा वर्षांच्या वाचकाला राक्षसापेक्षा अधिक ओळखीची वाटेल. संकलित खंड इंग्रजीत सहज मिळतात. अतिशय चकचकीत कागदावर नव्याने रंगवलेली आवृत्ती टाळून मूळ रंगसंगती राखणारी घ्यावी, म्हणजे ऑस्टिन यांची शाई दिसेल.